समुद्र नसलेल्या शहराचा चंद्र

६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरून मिरवणूक निघाली आणि मानाच्या गणपतींचे मुठेकाठच्या हौदांत विसर्जन झाले. तिकडे मुंबईत लालबागचा राजा रात्रभराच्या मिरवणुकीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला, तर समोर भरती चढत होती. मूर्ती तराफ्यावर घेता येईना. ओहोटीची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि अखेर विसर्जन झाले ते ७ तारखेच्या रात्री. त्याच रात्री अकरा वाजता चंद्र पृथ्वीच्या सावलीत पूर्ण शिरला आणि १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत खग्रास अवस्थेत राहिला.

चौपाटीवरचा खोळंबा आणि आकाशातले ग्रहण या दोन्हींचे कारण एकच होते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका ओळीत आले होते. ओळ काटेकोर जुळली म्हणून ग्रहण लागले. समुद्राला उधाण यायला मात्र ओळ ढोबळमानाने जुळली तरी पुरते, म्हणून ते दर पौर्णिमेला आणि दर अमावस्येला येते.

पुणेकराला यातले उधाण दिसत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, मध्ये सह्याद्रीची भिंत आणि समुद्र सरळ रेषेतही शंभरएक किलोमीटर लांब. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहायची आणि कोजागरीला गच्चीवर दूध आटवायचे, एवढाच चंद्राशी संबंध, असे इथे सहज वाटू शकते. पण दिवस चोवीस तासांचा का, पाऊस दरवर्षी ठरावीक महिन्यांतच का येतो, या प्रश्नांची उत्तरे शोधत गेले की वाट चंद्रापाशी पोहोचते. पर्वतीचा कातळसुद्धा चंद्राच्या ओढीने दिवसातून दोनदा वर उचलला जातो.

आधी भरतीचे गणित. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळजवळ १८० पट जोराने ओढतो, तरी भरतीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून अधिक आहे. हे कोडे सुटते ते एका गोष्टीने: भरती एकूण ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. इतक्या जवळच्या गोलाची ओढ पृथ्वीच्या चंद्राकडच्या बाजूला जास्त, केंद्रापाशी त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूला सर्वांत कमी असते. म्हणून अलीकडचे पाणी पृथ्वीच्या पुढे सरकते, पलीकडचे मागे राहते, आणि दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. पृथ्वी या दोन फुगवट्यांखालून फिरते, त्यामुळे किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती लागते. सूर्य इतका लांब आहे की पृथ्वीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या ओढीत फारसा फरकच पडत नाही. खडकवासल्याच्या जलाशयाला भरती का येत नाही, याचेही उत्तर यातच आहे. काही किलोमीटरच्या अंतरात चंद्राच्या ओढीतला फरक नगण्य असतो. फुगवटा जमायला महासागराचा विस्तार लागतो.

अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात येतात, एकमेकांचे काम बिघडवतात आणि पाणी ना फार चढते ना फार उतरते. किनाऱ्यावर याला भांग म्हणतात.

चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे जाते. मराठी मुलखात हे गणित पाऊणकीत बसवलेले आहे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. ज्या दिवशीची भरती हवी त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन: पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. महिन्याला तिथी तीस. चोवीस तासांना तिसांनी भागले की प्रत्येक तिथीच्या वाट्याला ४८ मिनिटे येतात, आणि पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची ही चूक पंधरा तिथींत साचून पाऊण तासावर जाते, म्हणूनच पौर्णिमेला मुंबईची खरी भरती या हिशेबापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा येते. तरीही घड्याळाशिवाय, तक्त्याशिवाय, तोंडी करता येणारे याहून सुबक खगोलगणित क्वचितच सापडेल.

बंदराला मात्र अर्ध्या तासाची चूक परवडत नाही. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीच्या पातळीच्या पद्धतशीर नोंदी १८७८ पासून आहेत. हिंद महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी या एक, आणि समुद्राची पातळी किती वाढली हे सांगताना आजचे शास्त्रज्ञ त्यांचाच आधार घेतात. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. या यादीचे महत्त्व २६ जुलै २००५ ला कळले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तो जोरात असतानाच भरती आली. समुद्र वर चढला की नाल्यांचे पाणी बाहेर पडायला जागाच उरत नाही. पाऊस ढगाचा होता, पण शहर तुंबवण्यात चंद्राचाही हात होता.

आता पुण्याची गोष्ट. खडकवासल्याला धरणाच्या पायथ्याशी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सिंचनाच्या कामासाठी ती सुरू झाली आणि पुढे देशभरच्या बंदरांचा अभ्यास तिच्याकडे आला. समुद्रापासून इतक्या दूरच्या या आवारात मोठमोठ्या छपरांखाली खाड्या आणि बंदरे लहान प्रमाणात बांधलेली असतात. किनाऱ्याची वळणे, तळाचे चढउतार, धक्के, गाळाचे पट्टे, सारे मोजून उभे केलेले. एका टोकाला यंत्र ठरावीक लयीत पाणी आत सोडते आणि बाहेर काढते. थोडक्यात, चंद्राचे काम यंत्र करते. प्रतिकृतीचे आडवे प्रमाण १:४०० आणि उभे १:८० धरले, तर निसर्गात बारा तास पंचवीस मिनिटे घेणारे भरती-ओहोटीचे चक्र तिथे सुमारे सतरा मिनिटांत पुरे होते. एका सकाळीत काही दिवसांची भरती पाहून होते. नवा धक्का बांधला तर प्रवाह कुठे वळेल, गाळ कुठे साचेल, जहाजाला किती खोली मिळेल, हे आधी इथे पाहायचे आणि मग समुद्रात दगड टाकायचा. पश्चिम किनाऱ्याची बंदरे ज्या भरतीच्या हिशेबावर उभी आहेत, त्यातला मोठा भाग सिंहगड रस्त्याच्या टोकाला तपासला गेला आहे. ही गोष्ट पुणेकरांना अभिमानाने माहीत असायला हवी.

भरतीने माणसाला पोसलेही आहे. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत डोल जाळे लावतात. हे लांबलचक निमुळते जाळे समुद्रतळाशी पक्के बांधलेले असते आणि तोंड प्रवाहाकडे उघडे. ते मासळीच्या मागे जात नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील, जवळा, कोळंबी त्याच्या तोंडात आणून सोडतो. प्रवाह उलटायच्या आत जाळे उचलायचे. उधाणाला पाण्याला ओढ असते तेव्हा डोल भरते. भांगाला पाणी सुस्त असते, मासळी कमी. त्यामुळे डोलकराचा आठवडा रविवारपासून सुरू होत नाही, तिथीपासून होतो. पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात खोल समुद्राची, खाडीची आणि नदीची अशी वेगवेगळी आवक येते. त्यातली नदीची सोडली तर बाकीच्या मासळीला थोडीफार तरी चंद्राची तारीख असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि कोळी समाज समुद्राला नारळ देतो तोही पौर्णिमेच्या उधाणाला.

किनाऱ्यावर भरतीने वेगळीच जीवसृष्टी घडवली आहे. पाणी उतरले की तिसऱ्या आणि कालवे गोळा करायला बायका चिखलात आणि खडकांवर उतरतात. निवट्या अर्धा दिवस मासा असतो आणि अर्धा दिवस चिखलावर उड्या मारतो. मिठागरात उधाणाचे पाणी आत घेतले जाते. गोव्यातल्या खाजन शेतीत बांधाला ‘मानस’ नावाचे दार असते. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि खारे पाणी भातापासून दूर राहते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. कुणाला पहारा द्यावा लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर तर शेकडो मैलांची प्रवाळे वर्षातल्या मोजक्या रात्री, वसंतातल्या पौर्णिमेनंतर, एकाच वेळी अंडी आणि शुक्रबीजे पाण्यात सोडतात. शास्त्रज्ञांच्या ध्यानात हे आले ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. प्रवाळांना डोळे नसतात, तरी पाण्याचे तापमान, चांदणे आणि सूर्यास्तानंतरचा अंधार यांवरून त्यांना तिथी कळते.

पाण्याला येते ती भरती जमिनीलाही येते. पृथ्वीचे कवच कठीण दिसले तरी ताणले की किंचित वाकते. पुण्याच्या अक्षांशावर जमीन दिवसातून दोनदा तीसएक सेंटिमीटर वर-खाली होते. शनिवारवाडा, सिंहगड, मुळा-मुठा आणि शेजारचे सारे एकदमच उचलले जात असल्यामुळे कुणाला काही जाणवत नाही. पण काटेकोर यंत्रांना जाणवते. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेच्या २७ किलोमीटर घेराच्या भुयारी कड्याचा परीघ चंद्रामुळे सुमारे एक मिलिमीटरने बदलतो, आणि कणांच्या ऊर्जेचे मोजमाप करताना तो जमेस धरावा लागला. हाच प्रश्न आता मराठवाड्यात येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली आणि पुण्याची आयुका ही तिच्यातली एक प्रमुख भागीदार संस्था आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने त्या भुजांत जो बदल होतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान. आणि चंद्र रोज त्यांना त्याच्या अब्जावधी पटींनी ताणतो. विश्वाचा इतका बारीक आवाज ऐकायचा, तर आधी चंद्राची रोजची ओढ हिशेबातून वजा करावी लागते.

पायाखालच्या या कातळाला आणखी एक साक्ष देता येते. पुण्याचा काळा पाषाण म्हणजे दख्खनच्या पठाराचा लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा वर्ष ३६५ दिवसांचे नव्हते. ओमानमध्ये सापडलेल्या, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका शिंपल्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्राण्याच्या कवचावर रोज एक पातळ थर चढत असे. थर मोजल्यावर वर्षाचे दिवस भरले ३७२, म्हणजे दिवस साडेतेवीस तासांचा. त्याआधी १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेषा मोजून वर्षाला सुमारे ४०० दिवस असल्याचे दाखवले होते.

दिवस लांबत गेला तो चंद्रामुळे. पृथ्वी स्वतःभोवती चंद्रापेक्षा वेगाने फिरते आणि भरतीचा फुगवटा थोडा पुढे ओढून नेते. चंद्र त्या फुगवट्याला मागे खेचतो, उथळ समुद्रांत पाणी तळाशी घासते, आणि पृथ्वीचे फिरणे शतकाला सुमारे दोन मिलिसेकंदांनी मंदावते. बदल्यात फुगवटा चंद्राला पुढे रेटतो आणि तो दूर जातो. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर पाडून हे अंतर मोजले जाते: वर्षाला ३.८ सेंटिमीटर. आजचाच वेग धरला, तर पर्वतीचा लाव्हा थंड होत होता तेव्हा चंद्र अडीच हजार किलोमीटर जवळ होता.

या दूर जाण्याने एक गोष्ट हातची जाणार आहे. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि अंतरही जवळपास तेवढेच पट, म्हणून आज चंद्र सूर्याला नेमका झाकतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. पुण्यातली त्यांची वेधशाळा महाराजा तख्तसिंहजी यांच्या नावाने ओळखली जाई. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. तख्तसिंहजी भावनगरचे. ज्या खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरहून अधिक चढते-उतरते, त्या किनाऱ्यावरच्या राजाच्या देणगीतून पुण्याला आकाश पाहायचे साधन मिळाले, हा योग सांगण्याजोगा आहे. सुमारे ६० कोटी वर्षांनी चंद्र इतका लहान दिसेल की खग्रास सूर्यग्रहण कुणालाच दिसणार नाही.

पुण्याच्या जगण्यावर चंद्राचा सर्वांत मोठा परिणाम मात्र पावसातून होतो. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्य उत्तरेकडे सरकतो, मेच्या मध्याला पुण्यात भरदुपारी सरळ उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते, जमीन तापते आणि जूनमध्ये समुद्रावरचे वारे आत ओढले जातात. हा कल ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यानच हलतो. मंगळाचा कल मात्र कोट्यवधी वर्षांत शून्यापासून साठ अंशांपर्यंत भरकटू शकतो. फ्रान्सचे जाक लास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गणिताने दाखवले की पृथ्वीचा आस स्थिर ठेवण्यात मोठ्या चंद्राचा हात आहे. चंद्र नसता तरी कल इतक्या झपाट्याने बदलला नसता, असे नंतरच्या काही संशोधकांचे म्हणणे आहे, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण कल स्थिर राहण्यात, आणि म्हणून पावसाचे वेळापत्रक टिकण्यात, चंद्राची मदत आहे एवढे म्हणता येते.

चांदण्याचे परिणाम सौम्य आहेत, पण खरे आहेत. मेळघाट, ताडोबासारख्या जंगलांत बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात. उन्हाळ्यात पाणी मोजक्याच जागी उरलेले असते आणि चांदण्यात प्राणी ओळखता येतो. उलट राजमाचीला काजवे पाहायला जाणारे अमावस्येच्या जवळचे दिवस धरतात. २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या आदिवासी वस्त्यांत आणि अमेरिकेतल्या सिएटलमध्ये झोपेच्या नोंदी घेतल्या गेल्या, तेव्हा पौर्णिमेच्या आधीच्या काही रात्री माणसे उशिरा आणि कमी झोपतात असे दिसले. पौर्णिमेला बाळंतपणे वाढतात, हा समज मात्र टिकत नाही. अमेरिकेत साडेपाच लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासून पाहिल्या, तिथे चंद्राचा काही संबंध आढळला नाही. भरतीने समुद्र हलतो म्हणून शरीरातले पाणीही हलेल, हा युक्तिवाद तर खडकवासल्यापाशीच संपतो. ज्या जलाशयाला भरती येत नाही, त्याच्यापुढे माणसाचे शरीर किती?

पूर्ण चंद्राचे चांदणे जेमतेम पाव लक्सचे असते आणि रस्त्यावरचा दिवा त्याच्या कित्येक पट प्रखर. त्यामुळे शहरात अष्टमी कोणती आणि पौर्णिमा कोणती हे रस्त्यावरून कळेनासे झाले आहे. किनाऱ्यावर गेल्यावर हे न कळणे महाग पडू शकते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, आणि पुण्याहून सुटीच्या दिवशी असंख्य कुटुंबे तिथे जातात. वाळू कोरडी दिसते म्हणून आत उतरू नका. निघण्याआधी दिनदर्शिकेत तिथी पाहा, तिची पाऊणपट करा, हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहते हे ध्यानात ठेवा, किनाऱ्यावरच्या माणसाला एकदा विचारून खात्री करून घ्या, आणि पाणी चढू लागायच्या आत मुलाबाळांसह किनाऱ्यावर परत या.